मीटर कोणाच्या नावावर?

पुण्यात दांडेकर पुलाजवळच्या आमच्या कट्ट्यावर गेल्या रविवारी वाद पेटला तो छतावरच्या सौर विजेच्या राज्य सरकारच्या ‘स्मार्ट’ योजनेवरून, आणि पेटवला नानांनी. दारिद्र्यरेषेखालच्या घराला एक किलोवॅटच्या संचासाठी केंद्राचे ३० हजार आणि राज्याचे साडेसतरा हजार मिळणार, म्हणजे पन्नास हजारांच्या संचासाठी त्या कुटुंबाच्या खिशातून जेमतेम अडीच हजार जाणार, ही गोष्ट त्यांना काही केल्या पचत नव्हती. “आयुष्यभर बिल मुदतीत भरणाऱ्यांनी काय पाप केले आहे?” असे विचारून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिले. नाना बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झाले असून सहकारनगरात त्यांचा बंगला आहे. कोणताही आकडा उच्चारताना ते डोळे मिटतात आणि अंगठा तर्जनीवर घासतात, जणू नोटांचे बंडल अजून हातातच आहे.

बाळ्याने रिक्षातून उतरता उतरताच त्यांना गाठले. “नाना, तुमच्या गच्चीवर तीन किलोवॅट बसले तेव्हा ७८ हजार कोणी दिले होते?”

“ते प्रोत्साहन होते,” नाना गंभीरपणे म्हणाले. “केंद्राची सूर्यघर योजना सर्वांसाठी आहे. त्यामागे राष्ट्रीय धोरण आहे.”

कट्ट्याला लागून माईंची भाजीची पाटी असते. मेथीच्या जुड्या बांधता बांधता त्या म्हणाल्या, “म्हणजे तुमच्या गच्चीला मिळाले ते प्रोत्साहन आणि आमच्या पत्र्याला मिळाली ती खिरापत. बरे, तेही मान्य करते. पण तो पत्रा तरी माझा कुठे आहे? पत्रा मालकाचा, मीटर मालकाचा, आणि पेपरात फोटो मात्र माझ्यासारखीचा.”

या प्रश्नावर आम्ही सगळे आजवर बरेच बोललो आहोत, परंतु त्याची मूळ गाठ माईंनी त्या चार वाक्यांत पकडली असे मला मनापासून वाटते. माई पर्वतीच्या उतारावर भाड्याच्या एका खोलीत राहतात. अशा पाच खोल्या मिळून महावितरणचा एकच मीटर आहे आणि प्रत्येक खोलीच्या दारावर मालकाने बसवलेला सबमीटर आहे. महिन्याच्या पहिल्या तारखेला मालकाचा मुलगा येतो, आकडा वाचतो, चौकटीवर खडूने लिहितो, मागचा आकडा बोटाने पुसतो आणि युनिटला बारा रुपये घेऊन जातो. त्या रकमेची पावती मिळत नाही आणि खडूचा आकडा पुसला गेल्यावर मागच्या महिन्याचा पुरावाही उरत नाही.

हे कसे घडते, ते वायरमन पठाणभाईंनी वर्तमानपत्राच्या कोऱ्या पट्टीवर मांडून दाखवले, आणि त्यांचा हिशेब मी जसाच्या तसा देतो, कारण योजनांच्या बातम्यांत तो कधीच छापला जात नाही. घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात: पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी, पुढे ३०० पर्यंत दुसरा टप्पा, ५०० पर्यंत तिसरा आणि त्यापुढे चौथा, दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळपास दुप्पट आहे. माईंच्या खोलीत एक ट्यूब, एक पंखा, टीव्ही आणि फोनचा चार्जर चालून महिन्याला सत्तरएक युनिटे जळतात. त्यांच्या नावावर स्वतंत्र मीटर असता तर ती सगळी पहिल्या टप्प्यात बसली असती. पाच खोल्यांची ३५० युनिटे एकाच मीटरवर आली की त्यांतली फक्त १०० स्वस्त दराने मिळतात, २०० दुसऱ्या टप्प्यात जातात आणि ५० तिसऱ्या. “म्हणजे माईंच्या वाट्याला स्वस्त युनिटे आली वीस,” पठाणभाई म्हणाले, “आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क, इंधन समायोजन, स्थिर आकार. मालक नफा घेतो की नाही ते बाजूला ठेवा. त्याने एक पैसाही वर घेतला नाही तरी ही बाई बंगल्याच्या दराने वीज जाळते आहे.”

नाना म्हणाले की ते स्वस्त टप्पे म्हणजेसुद्धा एक प्रकारचे अनुदानच असून उद्योगांच्या आणि जास्त वापर करणाऱ्यांच्या खिशातून ते येते. हे त्यांचे म्हणणे खरे आहे. “आणि जास्त वापर करणारे म्हणजे आम्ही,” असे म्हणून त्यांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

“होता,” पठाणभाई शांतपणे म्हणाले. “सौर बसल्यापासून तुमचे बिल जवळजवळ शून्यावर आले आहे. वरच्या टप्प्यातून तुम्ही सरकारच्या पैशाने बाहेर पडलात. तुमच्यासारखे जितके बाहेर पडतील, तितका भार मागे राहिलेल्यांवर येणार, आणि मागे राहणार कोण, तर ज्यांना स्वतःचे छप्पर नाही ते.”

नानांना यावर काही सुचले नाही, तेव्हा त्यांनी फुकटेपणाचा जुना मुद्दा काढला. वीज फुकट मिळाली की लोक भरदुपारी दिवे लावून बसतील, दिल्लीत तेच झाले, वगैरे वगैरे.

“नाना, बारा रुपये युनिट पडते म्हणून मे महिन्यात दुपारी पंखा बंद करून मी नातवाला घेऊन दारात बसते,” माई म्हणाल्या. “फुकटाची सवय लागायला आधी ते फुकट आमच्या दारापर्यंत यावे लागते.”

दिल्लीचे नाव निघालेच म्हणून मी मध्ये बोललो. तिथे २०१९ च्या ऑगस्टपासून २०० युनिटांपर्यंत बिल माफ झाले तेव्हा हीच अडचण आली होती: सवलत मीटरधारकाला मिळाली आणि भाडेकरू सबमीटरचे पैसे मोजत राहिला. त्यावर दुसऱ्याच महिन्यात तिथल्या सरकारने भाडेकरूंसाठी वेगळी मीटर योजना जाहीर केली आणि घरमालकाच्या ना हरकत पत्राची अट काढून टाकली. भाडेकराराच्या आधारावर प्रीपेड मीटर मिळू लागला. आपल्याकडेही कायदा आडवा येत नाही. २००३ च्या विद्युत कायद्याचे ४३ वे कलम जागेच्या मालकाला किंवा ‘भोगवटादाराला’, म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणाऱ्याला, अर्ज करता येतो असे स्पष्ट म्हणते. अडते ते कागदावर, कारण अकरा महिन्यांचा नोंदणीकृत करार पर्वतीच्या उतारावर कोणी करून देत नाही. कोणत्याही सवलतीच्या आधी, प्रत्यक्ष राहणाऱ्या माणसाच्या नावावर मीटर देण्याची मोहीम या शहरात झाली पाहिजे. ती झाल्याशिवाय योजनांवर कितीही कोटी ओतले तरी त्यांतला मोठा वाटा माईंच्या मालकाच्या बिलात मुरेल.

गॅसचीही तीच गत आहे. अन्नपूर्णा योजनेचे वर्षाला तीन मोफत सिलिंडर जोडणी ज्या बाईच्या नावावर आहे तिलाच मिळतात, आणि माईंच्या घरची उज्ज्वलाची जोडणी तुळजापूरजवळच्या गावी सासूबाईंच्या नावावर आहे. सिलिंडर तिथे पोचतो, माई इथे पाच किलोच्या छोट्या टाकीत किलोवर गॅस भरून घेतात. २०२१ पासून उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालते, परंतु घरात एक जोडणी आधीच असली की ती वाटही बंद होते.

“नाना, तुम्हाला युनिटे मोजायची हौस पहिल्यापासूनच,” बाळ्या म्हणाला. त्याला मंडळाची जुनी गोष्ट आठवली होती. एका वर्षी गणपतीत तात्पुरती जोडणी मिळेपर्यंत दोन दिवस नानांच्या अंगणातून वायर घेतली होती, आणि नाना सकाळ-संध्याकाळ स्टूलवर चढून मीटरचा आकडा वहीत उतरवत होते.

“त्याचे पैसे मंडळाने अजून दिलेले नाहीत!” नाना उसळून म्हणाले. “फोकस रात्रभर चालू ठेवत होतात तुम्ही.”

“मग माझेही सांगून टाकतो,” पठाणभाई म्हणाले. “तुमच्या बंगल्यामागच्या दोन खोल्यांत पोरे राहतात, तिथे सबमीटर कोणी बसवून दिले? त्याचे तीनशे रुपये अजून यायचे आहेत.”

कट्टा एकदम शांत झाला आणि सगळ्यांच्या माना नानांकडे वळल्या. माईंनी जुडी खाली ठेवली.

“पोरांना युनिटला किती लावता, नाना?”

“दहा,” नाना पुटपुटले. “ती मुले कपड्यांना रोज इस्त्री करतात.”

“छतावर वीज फुकट, आणि पोरांना दहा!” बाळ्या ओरडला.

“जाऊ दे रे,” माई म्हणाल्या. “माझ्या मालकापेक्षा दोन रुपयांनी नाना चांगलेच निघाले.” त्यावर जो हशा पिकला, त्यात शेवटी नानाही सामील झाले आणि सगळ्यांचा चहा त्यांनी स्वतःच्या नावावर सांगितला, पठाणभाई मात्र “चहा ठीक आहे, माझे तीनशे कुठे आहेत?” असे पुलापर्यंत विचारत राहिले.