शीनाचं कोणी विचारत नाही

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर एक पोल आला. एरवी इथे टँकर कधी येणार, कुणाकडे मोठं इडलीपात्र आहे का, हळदीकुंकवाला यंदा वाण काय लुटायचं, असलं चालतं. आजचा प्रश्न होता : शीना बोराला कोणी मारलं? खाली चार पर्याय. आई, सावत्र बाप, ड्रायव्हर आणि चौथा, ती जिवंत आहे. पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेली ती पिवळी बाहुली.

तासाभरात अर्ध्या बिल्डिंगने मत देऊन टाकलं. कुणीतरी शनिवार-रविवारी या खून प्रकरणावरची ओटीटीवरची मालिका सलग बघून संपवली होती, तिथून हे सुरू झालं. मग एकीने लिहिलं, "तिचे डोळेच बघा ना." दुसरी म्हणाली, "पोटच्या पोरीबद्दल बोलताना डोळ्यांत टिपूस नाही. अजून काय पुरावा हवा?" त्याला पटापट अंगठे.

ग्रुपवर मी काही लिहिलं नाही. तिथे लिहून उपयोग नसतो, वर पुन्हा पाण्याच्या वेळेला त्याच माणसांची तोंडं बघायची असतात. म्हणून इथे लिहितेय. इथली माणसं माझी आहेत, मला काय म्हणायचंय ते तुम्हाला समजेल.

"डोळ्यांत टिपूस नाही." हे मी आठ-नऊ वर्षांची असताना ऐकलंय. आमच्या काकूबद्दल.

रोह्याकडे आमचं गाव. एके दिवशी पहाटे काका विहिरीत सापडला. सगळा गाव गोळा झाला. काकू विहिरीच्या कठड्याशी उभी होती, कडेवर माझा धाकटा चुलतभाऊ, आणि ती त्याच्या शर्टाची गुंडी लावत होती. लावायची, काढायची, परत लावायची. रडत नव्हती. मला ती गुंडी लख्ख आठवते, निळी होती, बाकीच्या पांढऱ्या. दुपारपर्यंत गावात ठरलंसुद्धा. रात्री भांडण ऐकू आलं होतं म्हणे. काकू माहेरी जायचं म्हणत होती म्हणे. आणि मुख्य म्हणजे, रडली नाही.

काकाला फेफरं यायचं. लहानपणापासून. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं, बाहेर कुणालाच नाही. पहाटे पाणी काढायला गेला आणि तिथेच आलं असणार. तालुक्याहून पोलीस आले, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. बुडून मृत्यू, अंगावर मारहाणीची खूण नाही. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली आणि कागद बंद झाला. गावाचं तोंड बंद झालं नाही.

बरं, परत शीनाकडे येते.

शीना बोरा. पंचविशीतली मुलगी. गुवाहाटीत आजी-आजोबांकडे वाढली, मुंबईत आली, मुंबई मेट्रो वनमध्ये नोकरीला लागली. मेट्रो तेव्हा अजून बांधली जात होती. २४ एप्रिल २०१२ नंतर ती कुणाला दिसली नाही. वर्सोवा-घाटकोपरची ती मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. जिथे ती कामाला होती ती गाडी धावताना तिने पाहिलीच नाही. आपल्यापैकी कितीजणी त्या गाडीने ऑफिसला जातात.

मे २०१२ मध्ये पेण तालुक्यात गागोदे खुर्दजवळच्या जंगलात अर्धवट जळालेलं प्रेत सापडलं. आंब्याचे दिवस होते, लोक रानात जात होते, वास आला. पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवलं. गावाने आपलं काम चोख केलं, हे मला मुद्दाम लिहायचंय, कारण गागोदे म्हटलं की आम्हा रायगडकरांना विनोबा आठवतात आणि हल्ली लोकांना फक्त हे प्रकरण आठवतं. पोलीस आले, नमुने जे.जे.ला पाठवले, बाकीचं तिथेच पुरलं. खुनाचा गुन्हा नोंदवला नाही. जळालेलं मानवी प्रेत, रस्त्यापासून आत नेऊन टाकलेलं, आणि गुन्हा नाही! तीन वर्षं ती मुलगी आमच्या जिल्ह्याच्या मातीत बिननावाची पडून होती.

आणि मुंबईत? ती अमेरिकेला गेलीये असं सांगितलं गेलं. कुणी पत्ता विचारला नाही, कुणी फोटो मागितला नाही. राहुल, ज्याच्याशी तिचं लग्न ठरलं होतं, तो तेवढा फोन करून करून विचारत राहिला. त्या फोनची रेकॉर्डिंग्ज नंतर गाजली. बाकी सगळ्यांनी मान डोलावली. मोठमोठे लोक, मोठमोठ्या पार्ट्या, आणि एक अख्खी मुलगी नाहीशी झाली तरी चालून गेलं.

ऑगस्ट २०१५ मध्ये ड्रायव्हर एका पिस्तुलाच्या प्रकरणात पकडला गेला म्हणून हे बाहेर आलं. नाहीतर आलंही नसतं. मग अटक झाली शीनाच्या आईला, इंद्राणी मुखर्जीला, तिच्या आधीच्या नवऱ्याला, संजीव खन्नाला, आणि नोव्हेंबरमध्ये तेव्हाच्या नवऱ्याला, पीटर मुखर्जीला. त्या ऑगस्ट-सप्टेंबरातले चॅनेल आठवा. कोण कुणाचा कितवा नवरा, कोण कुणाची खरी मुलगी, याचे तक्ते भिंतभर. मेकअप किती, साड्या कुठल्या, दारू कुठली. आमच्या ऑफिसात डबा खाताना वंशावळ तोंडपाठ म्हणणारे लोक होते. त्यातल्या एकालाही शीना कुठे काम करायची ते सांगता आलं नसतं.

मला राग याचा येतो. खरंच येतो. आपण तिच्या खुनाबद्दल बोलतो असं आपल्याला वाटतं आणि आपण बोलत असतो तिच्या आईच्या लग्नांबद्दल.

आईने मुलीची ओळख जगाला बहीण म्हणून करून दिली, हे मलाही पचत नाही. मान्य. पण न पचणं वेगळं आणि खुनाचा निकाल देणं वेगळं. खोटं बोलणाऱ्या बाईने खून केलाच असेल, असा कायदा कुठे आहे? आरोप तिने नाकारलेत. साडेसहा वर्षं भायखळ्याच्या तुरुंगात काढल्यावर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तोही खटला इतक्यात संपणार नाही म्हणून. साक्षीदारांची यादी दोनशेच्या वर. ड्रायव्हर माफीचा साक्षीदार. एवढं सगळं न्यायाधीशांना तपासायचंय, आणि आमच्या बी विंगला डोळे बघून कळलं.

आमच्या काकूचेही डोळे बघितले होते सगळ्यांनी.

आजी त्या वेळी बोलली असती तर काय झालं असतं, असा विचार मी कितीदा करते. तिने चार लोकांत सांगितलं असतं की माझ्या मुलाला फेफरं यायचं, तर काकू सुटली असती. आजी गप्प राहिली. धाकट्या काकाचं लग्न व्हायचं होतं. आजारी घराणं म्हणून पोरी कोण देणार? एकाचं लग्न व्हावं म्हणून एकीच्या माथी खून राहू दिला. आजीवर माझा जीव होता, तरी हे लिहितेय. घरातल्या गोष्टी बाहेरून दिसत नाहीत. बाहेरच्याला दिसते ती न रडणारी बाई. आत काय काय दडवलेलं असतं, कुणासाठी दडवलेलं असतं, ते कठड्याभोवती जमलेल्या गर्दीला कसं कळणार?

आरुषी तलवारच्या खुनाच्या वेळी हेच झालं होतं. मे २००८. नोएडातली चौदाही पूर्ण न झालेली मुलगी. पहिल्या दिवशी हेमराजला, घरातल्या नोकराला, खुनी ठरवून मोकळे झाले. पकडून देणाऱ्याला इनाम लावलं. दुसऱ्या दिवशी त्याचंच प्रेत त्याच घराच्या गच्चीवर सापडलं. जो स्वतः मारला गेला, तो खुनी म्हणून देशभर गाजून झाला होता! नेपाळातल्या त्याच्या घरच्यांपर्यंत आधी कुठली बातमी पोचली असेल? यावर कुणी एक कार्यक्रम केला नाही. मग वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेऊन त्या मुलीच्या चारित्र्याबद्दल बोलून दाखवलं. मेलेल्या लेकराबद्दल. आणि आरुषीची आई नूपुर तलवार टीव्हीवर रडल्या नाहीत, तेव्हा आपल्याकडच्या बायका काय म्हणाल्या आठवतंय ना? हेच. टिपूस नाही. २०१३ मध्ये आरुषीच्या आईवडिलांना जन्मठेप झाली, सगळे म्हणाले बघा, आम्ही म्हणत नव्हतो? १२ ऑक्टोबर २०१७ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोघांनाही निर्दोष सोडलं. तेव्हा किती जणांनी आपले शब्द मागे घेतले?

हां, ती सुटका संशयाचा फायदा देऊन होती, मला ठाऊक आहे. म्हणून काय झालं? संशय असताना फासावर न चढवणं, हेच तर कोर्टाचं काम.

आणि दिल्लीत गोळी घालून मारलेल्या जेसिका लालचं उदाहरण द्यायला कुणीतरी येईलच, म्हणून आधीच सांगते. खालच्या कोर्टात आरोपी सुटले होते. लोक रस्त्यावर उतरले म्हणून २००६ मध्ये ते प्रकरण उच्च न्यायालयात नीट ऐकलं गेलं आणि शिक्षा झाली. बरोबर. लोकांनी बोललं पाहिजे. पण ते लोक मेणबत्त्या घेऊन सुनावणी मागत होते, आरोपीच्या नाकाडोळ्यांवरून निकाल देत नव्हते.

आता मला जे सगळ्यात लागलंय ते. २०२४ मध्ये सरकारी पक्षाने कोर्टात सांगितलं की शीनाचे म्हणून जपलेले अवशेष, ती हाडं, सापडत नाहीत. मग काही आठवड्यांनी सांगितलं, सापडली, सीबीआयच्या दिल्लीच्या कार्यालयात होती. ही बातमी तुमच्यापैकी किती जणांनी वाचली? ग्रुपवर आली का? पोल झाला का? इंद्राणीने २०२१ मध्ये पत्र लिहिलं की शीना जिवंत आहे, काश्मीरमध्ये दिसली, ते मात्र दिवसभर फिरलं. विनोद झाले. चौथा पर्याय तिथूनच आलाय. जिवंत असताना तिला कुणी शोधलं नाही, मेल्यावर तीन वर्षं कुणी ओळखलं नाही, आणि ओळखल्यावर तिची हाडंही नीट सांभाळता आली नाहीत. त्या मुलीवर हसायचं धाडस कसं होतं?

हे लिहिताना सकाळचा राग जरा उतरलाय. पोल टाकणारी बाई वाईट नाही. माझ्या सासूबाई पडल्या तेव्हा अंगावरच्या गाऊनवर गाडी काढून दवाखान्यात आली होती. म्हणूनच जास्त वाटतं. वाईट माणसांनी हे केलं असतं तर मी पोस्ट लिहिली नसती. आमच्या गावातली माणसंही वाईट नव्हती. काकूच्या घरी तेरा दिवस डबे त्यांच्याकडूनच येत होते. डबा ठेवायचे, बाहेर पडायचे आणि आमच्या फाटकाबाहेर उभं राहून तेच बोलायचे. आत ऐकू येतं हे त्यांच्या लक्षात येत नसेल? मला आत बसून ऐकू यायचं.

पुढे चुलतबहिणीचं लग्न ठरवायची वेळ आली. महाडकडचं चांगलं स्थळ. मुलगी पसंत, पत्रिका जुळली, पोहे झाले, तारीखही बघत होते. आणि मग निरोप आला की इतक्यात करायचं नाही. मध्यस्थाने नंतर माझ्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, "ते आईचं प्रकरण त्यांच्या कानावर गेलंय." प्रकरण! पोलिसांच्या दफ्तरी कधीच बंद झालेलं. बहीण तेव्हा काही बोलली नाही, आत जाऊन पोह्यांच्या बशा विसळत बसली. माझ्या वडिलांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा, इतक्या वर्षांनी, त्या मध्यस्थाला ओसरीवर बसवून सांगितलं की भावाला फेफरं यायचं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता हे सांगून काय उपयोग?"

कुणी विचारेल, तुझी काकू निर्दोष होती म्हणून ही बाईही निर्दोष कशावरून? मी तसं म्हणतच नाहीये. मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. दोषी ठरली तर व्हावी शिक्षा, जी कायद्यात आहे ती पूर्ण व्हावी, मी एक शब्द बोलणार नाही. पण तो दिवस येईपर्यंत तिच्या कपाळावरची आठी मोजू नका. इंद्राणीच्या धाकट्या मुलीनेही त्या कोर्टात साक्ष दिलीये. आई, बाप, बहीण, सगळं एकाच खटल्यात गेलेली पोर. आपले पोल तीही वाचत असेल.

काकूला मी खूप वर्षांनी एकदा विचारलं होतं, त्या दिवशी तू रडली का नाहीस म्हणून. तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माणसं अंगणातून हलतच नव्हती गं. रडणार कधी?"

ज्यांना या खटल्यात खरंच रस आहे त्यांनी हे विचारा : मे २०१२ मध्ये गुन्हा का नोंदवला गेला नाही? कुणी नोंदवू दिला नाही, की कुणाला गरजच वाटली नाही? त्याची चौकशी झाली, तिचं पुढे काय झालं? २०१५ मधली अटक, आणि एवढी वर्षं खटला का रेंगाळतो? यावर वाद घाला, मी रात्रभर बसायला तयार आहे. रायगडमधले, पेणमधले जे कोणी माझ्या यादीत आहेत, वकील आहेत, पत्रकार आहेत, त्यांनी तर बोलाच.

पण "तरी ताई, तुम्हाला काय वाटतं, कोणी केलं असेल?" असं खाली कुणी लिहिलं तर कमेंट उडवणार. नातलग असलात तरी.