बऱ्हाणपूरला एक पुडी पाठवली की भोगा

"चाळीस लाखांच्या आत धंदा असला की जीएसटीचं टेन्शन नाही." हे छातीठोक सांगणाऱ्याला एकदा आम्हा मसालेवाल्यांकडे, जळगाव जिल्ह्यातल्या रावेरला आणून बसवा. ४० लाखांची सूट आहे, मान्य. पण करपात्र माल राज्याबाहेर गेला की ती सूट तिथेच संपली. मसाल्याची एक पुडी गेली तरी नोंदणी घ्या.

आता आमच्याकडनं राज्याची हद्द किती लांब? रावेर सोडलं की बऱ्हाणपूर, मध्य प्रदेश. तिकडे नवापूर ओलांडलं की गुजरात. आणि काळा मसाला, बिबडे (ज्वारीचे पापड), ज्वारीचं पीठ मागवतो कोण? पुण्या-मुंबईवाल्यांना शेवभाजी हॉटेलात बसून खायची असते. घरी मसाला मागवतात ती सुरतच्या उधना-लिंबायतला राहणारी आपलीच माणसं. निम्मा खानदेश सुरतेत आहे भो! पण कायद्याच्या लेखी चारशे किलोमीटरवरचं पुणं घरचं, आणि तासाभरावरचं बऱ्हाणपूर परराज्य.

१ ऑक्टोबर २०२३ पासून ॲपवर विकणाऱ्या छोट्या लोकांना नोंदणीतून मोकळीक दिली. कुणाला? राज्यातल्या राज्यात विकणाऱ्यांना. आम्ही हद्दीवरच्यांनी तिचं काय लोणचं घालायचं? मग कुणीतरी शहाणा सांगतो, "कंपोझिशन घे ना, छोट्यांसाठी उलाढालीवर ठरावीक टक्के कर, सोपं आहे." अरे बाबा, कंपोझिशनवाल्याला परराज्यात माल विकताच येत नाही!

बरं, घेतली नोंदणी. आता खरी गंमत. ज्या ॲपवर आमचा माल विकला जातो ती कंपनी दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत जीएसटीआर-८ हे तिचं रिटर्न भरून सरकारला कळवते, की या नंबरवाल्याने एवढा माल विकला. वर आमच्या पैशातनं हजाराला ५ रुपये टीसीएस, म्हणजे आमच्या नावावरचा आगाऊ कर, कापते. १० जुलै २०२४ च्या आधी १० कापायची. म्हणजे आमची विक्री सरकारला आमच्याआधी माहीत. तरी तीच विक्री आम्ही पुन्हा आमच्या विक्रीच्या रिटर्नमध्ये, जीएसटीआर-१ मध्ये, लिहायची. एकदा राज्यवार आणि दरवार, शिवाय १४ नंबरच्या तक्त्यात त्या कंपनीच्या नावावर. मग कर भरायचं रिटर्न वेगळं, जीएसटीआर-३बी. मागवला कुणी, तर एका काकूंनी. अर्धा किलो मसाला!

आणि कंपनी जी एक्सेल शीट देते ती उघडून बघा एकदा. काकूंनी २८ तारखेला मागवला, पुढच्या महिन्यात परत पाठवला. विक्री या महिन्यात, परतावा त्या महिन्यात, आणि परताव्याच्या ओळीत राज्याचा रकाना कोरा. डिलिव्हरीचे पैसे वेगळ्या ओळीत, कूपनची सूट भलत्याच शीटमध्ये. बेरीज काही केल्या जीएसटीआर-८ शी जुळत नाही. परत आलेली पुडी फाटलेली, मसाला सगळा खोक्यात सांडलेला, तो फेकून द्यायचा. पण त्याचा हिशेब मात्र पैशापैशाने जुळला पाहिजे. नाही जुळला तर खुलासा कुणी द्यायचा? ज्याने शीट बनवली त्याने नाही. मी.

कापलेला टीसीएस तरी आपसूक मिळेल? नाव नको. आधी पोर्टलवर जाऊन "हो, कापलाय, मला मान्य आहे" असं सांगायचं, रिटर्न भरल्यासारखं ते सादर करायचं, तेव्हा कुठे तो कॅश लेजरला, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खात्यात, जमा होतो. माझेच पैसे, आणि ते मिळावेत म्हणून संमतीपत्र मीच द्यायचं.

दरांचं तर विचारूच नका. पापडाला कर नाही, मग त्याचं नाव काहीही असो. त्या हिशेबाने बिबडे सुटले, देवाची कृपा. मसाल्याला ५ टक्के. केळीच्या वेफर्सना १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, हे चांगलं केलं, खोटं कशाला बोला. पण ज्वारीचं पीठ? आठवडी बाजारात पोत्यातनं सुटं दिलं तर शून्य. तेच पिशवीत भरून लेबल लावलं की ५, जुलै २०२२ पासून. मग कुरियरने सुटं पीठ पाठवू कसं, फडक्यात बांधून?

"तीन महिन्यांनी रिटर्न भरायची सोय आहे की," हेही ऐकून झालंय. आहे. पण मधल्या महिन्यांचा कर २५ तारखेपर्यंत भरायचाच असतो. पावसाळ्यात पापड बंद, मसाला बंद, विक्री शून्य, तरी शून्याचं रिटर्न भरा. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये. काही न विकल्याचे!

कर द्यायला ना नाही. पाच टक्के घ्या, आनंदाने घ्या. फक्त कंपनीने जे कळवलंय तेच माझ्या रिटर्नमध्ये भरून द्या, मी बघून बरोबर आहे म्हणतो, चूक असेल तिथे दुरुस्त करतो. एवढं होत नाही?

आणि ते होईपर्यंत सुरतच्या काकू-मावश्यांनो, हात जोडतो. मसाला तिखट लागला तर त्यात खोबरं वाढवा, शेजारणीला द्या, काहीही करा. पण परत पाठवू नका.