'झोंबी २' हा सीक्वेल नाही

"इटालियन दिग्दर्शक लुचियो फुल्चीचा 'झोंबी २' हा भयपट म्हणजे अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या 'डॉन ऑफ द डेड'चा पुढचा भाग, आधी तो बघा, मग हा" असा सल्ला सध्या फिरतोय. तसं काही नाही. रोमेरोचा सिनेमा १९७८ मध्ये इटलीत 'झोंबी' या नावाने लागला, इटालियन दिग्दर्शक दारिओ अर्जेंतोच्या संकलनासह, आणि तुफान चालला. त्याच्या जिवावर गल्ला भरावा म्हणून १९७९च्या फुल्चीपटाला '२' चिकटवला गेला. पात्रं वेगळी, गोष्टही वेगळी. तिकडचे मुडदे मॉलमध्ये हिंडतात; इकडचे कॅरिबियन बेटावर वूडू या तिथल्या गूढ पंथाच्या छायेत उठतात. मातीने लडबडलेले, डोळ्यांच्या खोबणीत अळ्या वळवळणारे. जान्नेत्तो दे रोस्सीचा हा मेकअप आजही पोटात ढवळतो.

झोंबी आणि शार्कच्या झुंजीतला "शार्क रबरी होता" हेही चूक. पाण्याखालचा शार्क खराखुरा, आणि त्याच्याशी झोंबी बनून झुंजणारा रामोन ब्राव्हो हा मेक्सिकोचा पाणबुड्या छायाचित्रकार. कथेत या प्रसंगाची गरज शून्य, पण सिनेमा लक्षात राहतो तो यामुळेच!

मात्र हसायचंच असेल तर शेवट बघा. झोंबी ब्रुकलिन पुलावरून न्यूयॉर्कवर चालून येताहेत आणि खाली मोटारी रोजच्यासारख्या निवांत धावताहेत. रस्ता बंद करायला पैसे कोण देणार? डबिंगही ओठांशी फारकत घेतलेलं. 'डॉन' आधी पाहिलाच पाहिजे, असं काही नाही. बिनधास्त थेट हाच लावा, फक्त जेवण आधी उरकून घ्या.