नॅचरल डेथला क्लेम नाही

परवा भाच्याशी वाद झाला. विषय अमेरिकेवर गेला, तिथून गुलामगिरीवर आणि तो म्हणाला, मावशी ते चाबूक-साखळ्या सगळं पिक्चरमध्ये बघितलंय गं, गुलाम तर जगभर होते, त्यात एवढं काय, आणि आपला काय संबंध. जेवणं चालली होती म्हणून मी गप्प बसले. आता लिहिते. मोठं आहे, कंटाळा आला तर सोडून द्या.

माझी बावीस वर्षं मरीन इन्शुरन्सच्या क्लेम डेस्कवर गेली. जहाजावरचा माल भिजला, बुडाला, सडला की फाइल माझ्याकडे. या कामात दोन गोष्टी पहिल्याच महिन्यात डोक्यात बसतात. माल आपला आपण खराब झाला, समजा आंबे वाटेत पिकून सडले, तर पैसे नाहीत. पण जहाज वाचवायला कॅप्टनने थोडा माल मुद्दाम समुद्रात टाकला तर मिळतात, त्याला जेटिसन म्हणतात. हा नियम मी किती तरी पोरापोरींना शिकवलाय, तांदळाची पोती, लाकडाचे ओंडके असली उदाहरणं देऊन.

मग एकदा जुन्या केसेस चाळताना १७८३ ची ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट हाती लागली. पाण्यात टाकलेला माल म्हणजे माणसं होती.

जहाजाचं नाव झाँग. मूळचं डच, तेव्हाचं नाव झॉर्ख, म्हणजे डच भाषेत 'काळजी'. पुढे ते लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांकडे आलं. ऑगस्ट १७८१ मध्ये आजच्या घानातल्या आक्राहून ४४२ आफ्रिकन माणसं घेऊन निघालं, त्या एवढ्याशा जहाजाला झेपतील त्यापेक्षा कितीतरी जास्त. कॅप्टन ल्यूक कॉलिंगवूड आधी जहाजावरचा डॉक्टर होता, कॅप्टन म्हणून ही पहिलीच खेप. जमैका समोर आलं तेव्हा ते दुसरंच बेट समजून जहाज पुढे निघून गेलं. तोवर साठाहून जास्त माणसं खाली कोठारात रोगाने मेली होती आणि आणखी बरीच आजारी होती.

आता इथे क्लेमवाल्याच्या डोक्याने बघा, मला तर बघताना पोटात गोळा आला. आजाराने मेला तर नॅचरल डेथ, सडलेल्या आंब्यासारखं, मालकाचं नुकसान. जिवंत असताना समुद्रात टाकला तर जेटिसन, पॉलिसीप्रमाणे माणशी ३० पौंड.

२९ नोव्हेंबरला ५४ बायका आणि मुलं केबिनच्या खिडकीतून पाण्यात ढकलली. १ डिसेंबरला ४२ पुरुष. मग पुढच्या काही दिवसांत आणखी ३६. दहा जणांनी स्वतःच उडी मारली. कारण काय सांगितलं, तर प्यायचं पाणी संपत आलं होतं. मध्ये पाऊस पडला, तरी ढकलणं थांबलं नाही. २२ डिसेंबरला जहाज जमैकाला लागलं तेव्हा त्यावर ४२० गॅलन पाणी शिल्लक होतं. शिल्लक पाणी बघितल्यावर आमच्यातला कुठलाही सर्व्हेअर पहिला प्रश्न विचारेल, लॉगबुक, म्हणजे जहाजाची रोजची नोंदवही, आणा. लॉगबुक गायब.

मालकांनी क्लेम लावला आणि विमा उतरवणाऱ्यांनी दिला नाही म्हणून इंग्लंडात कोर्टात गेले. खटला खुनाचा नव्हता हे नीट वाचा, खटला पैसे कोणी द्यायचे याचा होता. ज्यूरीने पहिल्यांदा मालकांच्या बाजूने कौल दिला. पुढच्या सुनावणीत न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड ज्यूरीबद्दल म्हणाले की ऐकून धक्का बसतो खरा, पण गुलामांची केस घोडे पाण्यात टाकल्यासारखीच आहे याबद्दल त्यांना शंकाच नव्हती. केस नव्याने चालवायचा हुकूम झाला. एके काळी स्वतः गुलाम असलेल्या ओलाउडा इक्वियानोने ही बातमी गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्या ग्रॅनव्हिल शार्पच्या कानावर घातली, शार्पने खुनाचा खटला व्हावा म्हणून जिवाचं रान केलं, पण एकाही माणसावर तो उभा राहिला नाही.

झाँग हे एक जहाज. साडेतीनशेच्या वर वर्षांत अशा खेपांमधून अंदाजे सव्वा कोटी माणसं आफ्रिकेतून चढवली गेली, त्यातली १८ लाखांच्या आसपास वाटेतच संपली. आपण पिक्चर बघून सगळी अमेरिकेत गेली समजतो, तिथे थेट गेली ती चार लाखांच्या आत, एकट्या ब्राझीलमध्ये ४८ लाखांच्या आसपास.

आणि भाच्या, 'आपला काय संबंध' म्हणालास ना? पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसं विकत घ्यायला जो माल लागायचा त्यात गुजरात आणि कोरोमंडलचं सुती कापड होतं, आणि मालदीवच्या कवड्या होत्या, ज्या जहाजाच्या तळाशी वजन म्हणून भरून आधी युरोपात आणि तिथून आफ्रिकेत जायच्या. कवडीमोल हा शब्द आपण भाजीवालीसमोर किती सहज वापरतो, तिथे माणसाची किंमत खरोखर कवड्या मोजून व्हायची. पुण्यात बसून हा संबंध जोतीरावांना दिसला होता. १८७३ चं 'गुलामगिरी' त्यांनी गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जन लोकांना अर्पण केलं. तेव्हा ना नेट ना पिक्चर, आणि तुला हातात फोन असून दिसत नाही.

राहिला शेवटचा क्लेम. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड नुकसानभरपाई दिली. मालकांना! ज्यांना मोकळं केलं त्यांना एक पै नाही, उलट १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर फुकट राबायचं. त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये फेडून संपवलं. २०१५ म्हणजे मी नोकरीत होते, तू बारावीला होतास.

झाँगच्या कागदांत फर्स्ट मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी, केल्सॉलची शपथेवरची जबानी आहे. ढकलाढकली चालू असताना कैद्यांमधला एक जण, ज्याला थोडं इंग्रजी येत होतं, त्याच्याकडे आला आणि सगळ्यांच्या वतीने म्हणाला की आम्हाला जगू द्या, किनारा येईपर्यंत आम्ही अन्न मागणार नाही, पाणीही मागणार नाही.

त्या माणसाचं नाव कागदात नाही. मी दोनदा बघितलं.