कपाटातली पुस्तकं कोण ठरवतं?

गावच्या वाचनालयात पुस्तकांवर बंदी घालायला कुणाच्या हुकमाची गरज पडत नाही. खरेदीला पैसे नसले की झालं. मग देणगीत येईल तेच कपाटात चढतं.

एरंडोल तालुक्यातल्या एका वाचनालयाची दाखल नोंदवही मध्यंतरी निवांत चाळली. पुस्तक कसं मिळालं, या रकान्यात पानामागून पान 'भेट', 'भेट', 'भेट'. कुणाच्या स्मरणार्थ दिलेल्या पोथ्या, वाढदिवसाला वाटलेली चरित्रं, स्पर्धा परीक्षांची जुनी गाइडं. देणाऱ्यांचा भाव चांगलाच आहे आणि पोथ्यांना वाचकही आहेत. पण गावाने स्वतः निवडून विकत घेतलेलं पुस्तक सापडायला बरीच पानं मागे जावं लागलं.

ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाच्या वाचनालयाला 2012पासून वर्षाला 30 हजार अनुदान होतं. 2022-23मध्ये 60 टक्के वाढ झाली, म्हणजे 48 हजार. तेव्हा महिन्याला चार हजार! त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि उरलंसुरलं पुस्तकांना. वर्ग वाढवून घ्यावा म्हटलं, तर नवी मान्यता आणि दर्जावाढ दोन्ही 2012नंतर कित्येक वर्षं बंदच होती. इथल्या ग्रंथपाल ताई हंगामात दिवसभर कापूस वेचतात आणि बोंडांनी ओरबाडलेल्या बोटांनी संध्याकाळी देवघेव लिहितात. वाचनसंस्कृतीवर भाषणं देणाऱ्यांनी एकदा ती बोटं बघावीत.

याच ताईंकडे बारावीतली एक पोरगी मुलींच्या शरीराविषयीचं पुस्तक मागायला आली. कार्यकारिणीतल्या एकाने असली पुस्तकं वेगळ्या कपाटात कुलपात ठेवायला सांगितलं होतं. ताईंनी पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं, नोंद केली आणि देऊन टाकलं. मला म्हणाल्या, "भाऊ, तिले वाचनं शे. मी कोन रोखनारी?" वाचनस्वातंत्र्य म्हणजे मला तरी हेच कळतं. पण ते एका बाईच्या हिमतीवर किती दिवस टिकणार? तिचं मानधन ज्यांच्या सहीने निघतं, त्यांनीच कुलूप लावायला सांगितलं होतं.

डिसेंबर 2022मध्ये राज्य सरकारने एका अनुवादाला जाहीर केलेला पुरस्कार काही दिवसांतच मागे घेतला, निवड समितीही बरखास्त केली. त्यावर साहित्यिकांनी राजीनामे दिले, बातम्या झाल्या. गावातल्या कुलपाची बातमी होत नाही.

हे खान्देशात व्हावं याचा मला जास्त त्रास होतो. जळगावचं व. वा. वाचनालय 1877चं. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रं जिवापाड जपली. साने गुरुजींच्या अमळनेरात फेब्रुवारी 2024मध्ये 97वं साहित्य संमेलन भरलं. ही परंपरा शहरांच्या वेशीवर का थांबावी?

आपला ग्रंथालय कायदा 1967चा, पण त्यात ग्रंथालयासाठी स्वतंत्र कर नाही. तामिळनाडूत 1948च्या कायद्यापासून घरपट्टीबरोबर ग्रंथालयाचा कर घेतला जातो, कर्नाटकातही आहे. आपल्याकडे सगळा भार सरकारी अनुदानावर, आणि ते हप्त्याने येतं. घरटी थोडे पैसे द्यायला लोक कुरकुरतील, मान्य. पण सप्त्याला आणि मंदिराच्या कळसाला हेच गाव हात आखडता घेत नाही. पैसा गावाचा असला, तर कोणती पुस्तकं आणायची हे वाचकांना विचारावंच लागेल.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर येत्या ग्रामसभेत आपल्या वाचनालयाचा विषय घ्यायला लावा. खरेदीसाठी ग्रामपंचायतीकडे दरवर्षी ठरावीक रक्कम मागा. वाचकांसाठी मागणी वही ठेवायला सांगा आणि पुस्तक कुलपात ठेवायचं असेल, तर त्याचं कारण लेखी मागा. आणि जायच्या आधी दाखल नोंदवही बघून घ्या: विकतची किती, भेटीची किती. तुमच्या गावचा आकडा खाली लिहा, मी सगळे एकत्र करून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे निवेदन घेऊन जाणार आहे.