राज्यसभा बंद करा म्हणणाऱ्या मेसेजला मुद्द्यावर उत्तर

तो मेसेज परत फिरायला लागलाय. थोडक्यात म्हणणं असं: राज्यसभा म्हणजे निवडणूक हरलेल्यांची सोय, लोकांनी न निवडलेली माणसं तिथे बसून लोकसभेचे कायदे अडवतात, प्रगत देशांनी असली सभागृहं कधीच बंद केली, आणि सरकारने मनावर घेतलं तर एका ठरावात विषय संपेल. चांगले शिकलेले लोक न वाचता पुढे ढकलतायत म्हणून मला हे नीट लिहावंसं वाटलं.

पहिला मुद्दा, लोकांनी न निवडलेले. सध्या 245 जागा आहेत, त्यातल्या फक्त 12 राष्ट्रपती नेमतात, बाकी 233 निवडणुकीनेच येतात. मत देतात आमदार, आणि त्या आमदारांना आपणच निवडलेलं असतं. महाराष्ट्राच्या 19 जागा, गोव्याची 1. आपल्याकडे 6 जागांची निवडणूक असेल आणि सगळ्या 288 आमदारांनी मत दिलं तर 42 आमदारांची पहिल्या पसंतीची मतं मिळाली की माणूस नक्की निवडून येतो, म्हणजे विधानसभेत छोट्या पक्षाची ताकद असेल तर त्याचाही एखादा खासदार दिल्लीत पोचतो. दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश खासदार निवृत्त होतात आणि राज्यांच्या निवडणुका वेगवेगळ्या वर्षी होतात, त्यामुळे एका लाटेत सगळी संसद एकाच पक्षाच्या हातात जात नाही. ते मुद्दाम तसं ठेवलंय.

आणि हरलेल्यांची सोय म्हणता ना, तर 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर हरले होते. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि 1956 मध्ये निधन होईपर्यंत खासदार होते, 1953 मध्ये आंध्र राज्याच्या बिलावर ते बोलले ते याच सभागृहात. ज्यांनी घटना लिहायचं काम केलं त्यांना संसदेत जागा मिळाली ती या दाराने, हे विसरून कसं चालेल? नेमलेल्या 12 मध्येही धर्मशास्त्राचे अभ्यासक भारतरत्न पां. वा. काणे होते, नाटककार मामा वरेरकर होते. नेमलेले काही जण सभागृहात फारसे फिरकले नाहीत हेही खरंय, पण तो दोष नेमणूक करणाऱ्यांचा आहे.

आता कायदे अडवण्याचं. इथे तीन प्रकार वेगळे करावे लागतात आणि मेसेज लिहिणाऱ्याने ते केलेलेच नाहीत. मनी बिल, म्हणजे फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या विषयांचं बिल असेल तर राज्यसभा फक्त 14 दिवस ठेवू शकते, सूचना करू शकते, त्या लोकसभेने फेटाळल्या तरी बिल पास. साधं बिल राज्यसभेने फेटाळलं तर दोन्ही सभागृहांचं एकत्र म्हणजे संयुक्त अधिवेशन बोलावता येतं आणि तिथे 543 विरुद्ध 245 असल्यामुळे लोकसभेचं पारडं जड. असं आजवर तीनदा झालंय: 1961 चं हुंडाबंदी, 1978 चं बँकिंग सर्व्हिस कमिशन रद्द करणारं बिल, आणि 2002 चा पोटा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा. म्हणजे कायम अडवून ठेवायची ताकद राज्यसभेकडे फक्त घटनादुरुस्तीत आहे, कारण तिथे दोन्ही सभागृहांत वेगवेगळं दोन तृतीयांश मत लागतं, संयुक्त बैठक चालतच नाही.

ती ताकद वापरली तेव्हा काय झालं ते बघा. 1989 मध्ये राजीव गांधींच्या सरकारकडे लोकसभेत चारशेच्या वर खासदार होते, पंचायतराजचं 64 व्या घटनादुरुस्तीचं बिल लोकसभेत पास झालं आणि ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत पडलं. विरोधकांचा आक्षेप गावांना अधिकार देण्याला नव्हता, केंद्र राज्यांना बाजूला सारून थेट पंचायतींशी व्यवहार करायला बघतंय याला होता. महाराष्ट्रात तर 1962 पासून जिल्हा परिषदा चालू होत्या, त्यामुळे आपल्याला हा विषय परका नाही. पुढे 1992 मध्ये 73 वी दुरुस्ती आली, त्यात बऱ्याच गोष्टी राज्यांच्या विधानसभांवर सोडल्या आणि ती दोन्ही सभागृहांत पास झाली. आज गावात सरपंचपद महिलांसाठी राखीव असतं ते या दुरुस्तीमुळे. तीन वर्षं थांबावं लागलं, पण आलं ते राज्यांना सोबत घेऊन आलं.

उलटं उदाहरणही आहे. महिला आरक्षणाचं बिल राज्यसभेने 9 मार्च 2010 ला पास केलं, लोकसभेत ते तसंच पडून राहिलं आणि 2014 मध्ये लोकसभेची मुदत संपली तसं बाद झालं. अडवलं कोणी मग?

प्रगत देशांचा मुद्दा लवकर संपतो. न्यूझीलंड, डेन्मार्क, स्वीडन यांनी दुसरं सभागृह बंद केलं हे बरोबर, पण तिथे आपल्यासारखी संघराज्याची रचना नाही. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, जर्मनी इथे घटक राज्यं आहेत आणि त्यांचं वेगळं सभागृहही आहे. पाकिस्तानचं बघितलंत तर 1956 आणि 1962 च्या घटनांमध्ये एकच सभागृह होतं, बांगलादेश वेगळा झाल्यावर 1973 च्या घटनेत त्यांनी सिनेट आणलं आणि सगळ्या प्रांतांना सारख्या जागा दिल्या.

एका ठरावात बंद होईल हे तर सरळ चूक आहे. ठरावाची सोय विधान परिषदेसाठी आहे, कलम 169, विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि मग संसदेने कायदा करायचा. राज्यसभेला ते लागू नाही. तिथे घटनादुरुस्ती लागेल, ती आधी राज्यसभेतच दोन तृतीयांशाने पास व्हावी लागेल, मग निम्म्या राज्यांच्या विधानसभांची मंजुरी, आणि त्यानंतरही सुप्रीम कोर्टात मूलभूत चौकटीचा, म्हणजे घटनेचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही या तत्त्वाचा प्रश्न उभा राहीलच.

राग काढायचाच असेल तर जागा आहेत. 2003 मध्ये कायदा बदलून उमेदवार त्याच राज्याचा मतदार असण्याची अट काढली, आता देशातला कुठलाही मतदार कुठल्याही राज्यातून उभा राहतो, मग तो त्या राज्याचं काय मांडणार? दुसरं मनी बिलाचं. 2016 मध्ये आधारचं बिल मनी बिल म्हणून आणलं, राज्यसभेने दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेने त्या फेटाळल्या आणि कायदा झाला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने बहुमताने ते चालवून घेतलं, न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र विरोधी निकाल लिहिला, आणि 2019 मध्ये कोर्टानेच मनी बिल कशाला म्हणायचं हा प्रश्न मोठ्या बेंचकडे पाठवला. राज्यसभेला वळसा घालायचा हा रस्ता बंद व्हावा आणि ती 2003 ची अट परत यावी, या दोन गोष्टी आपापल्या खासदाराकडे मागा.