युरोपात असले चोचले नसतात म्हणे

निवडणुकांचा हंगाम आला की आमच्या दहावीच्या ग्रुपवर एक ठरलेला फोटो येतो. कुठल्यातरी गावचा विजयाचा बॅनर. निवडून आलेल्या बाईंचा फोटो पासपोर्टएवढा आणि त्यांच्या यजमानांचा गॉगलसकट कमरेपर्यंत. यंदाही आला. खाली आमच्या एका वर्गमित्रानं, त्याचं निफाडला खताचं दुकान आहे, लिहिलं होतं, "पन्नास टक्के आरक्षणाचं हे फळ. युरोपात असले चोचले नसतात. तिथं बाई लायकीवर पुढं येते. विचारा आपल्या स्वित्झर्लंडवालीला." त्यावर पंधरा अंगठे, आणि त्यातले चार बायकांचे.

विचारलंच आहे तर सांगते.

मी राहते त्या स्वित्झर्लंडमध्ये बायकांना राष्ट्रीय पातळीवर मताचा हक्क मिळाला तो 7 फेब्रुवारी 1971 रोजी. छपाईची चूक नाही. त्याच महिन्यात इंदिरा गांधी लोकसभेच्या प्रचारात देश पालथा घालत होत्या आणि पंतप्रधान होऊन त्यांना पाच वर्षं झाली होती. इकडे पुरुषमंडळी, आपल्या बायकोला मत असावं की नसावं, यावर मत द्यायला निघाली होती. राज्यघटना बदलायची तर मतदारांना विचारावं लागतं, आणि मतदार कोण, तर तेच. 1959 मध्ये विचारलं तेव्हा 67 टक्क्यांनी नकार दिला होता. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च 1957 मध्ये, देशापुढे प्रश्न होता की नागरी संरक्षणाची सेवा बायकांवरही सक्तीची करावी का. सक्ती बायकांवर, मत पुरुषांचं. वॅले कँटनमधल्या (कँटन म्हणजे इथलं राज्य) उंटरबेख नावाच्या डोंगरातल्या गावानं तेव्हा बायकांनाही मतदान करू दिलं. 33 बायकांनी मतं टाकली, ती वेगळ्या पेटीत ठेवली गेली आणि मोजताना बाद ठरली.

आता आपेनत्सेलचं. आम्ही भारतातून आलेल्या पाहुण्यांना आधी तिथेच नेतो. गायी, रंगवलेली घरं, चीज. सगळे खूश होतात. तिथल्या इनररोडन कँटनची सभा उघड्या चौकात भरते आणि हात वर करून मतदान होतं. मताचा हक्क आहे याची खूण म्हणून पुरुष कमरेला तलवार लावून येतात, अजूनही. या मंडळींनी 1990 च्या एप्रिलमध्येसुद्धा बायकांना आत घ्यायला नकार दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं कान धरला, तेव्हा कुठे 1991 ला बायका त्या चौकात उभ्या राहिल्या. म्हणजे मी नाशिकला शाळेत जात होते तेव्हा.

आणि विरोधाची कारणं काय होती? बाईला घर असतं. राजकारण घाणेरडं असतं. नवरा सांगेल तिथेच ती शिक्का मारणार, मग दोनदा मोजायचं कशाला? आधी तयार होऊ द्या, मग बघू. बायकांना मत नको म्हणणाऱ्या बायकांच्याही समित्या होत्या. खताच्या दुकानात बसून माझा वर्गमित्र जे टाइप करतो, ते सगळं इथे जर्मनमध्ये म्हणून झालं आहे. लायकी सिद्ध करून इथे कुणाला मत मिळालेलं नाही. उलट मत मिळाल्यावर काय झालं ते बघा. जुन्या कायद्यात नवरा कुटुंबप्रमुख. राहायचं कुठे ते तो ठरवणार, बायकोच्या मालमत्तेचा कारभार तो बघणार आणि तिला नोकरी करायची तर त्याची संमती हवी. आमच्या बिल्डिंगमधल्या ऐंशी ओलांडलेल्या आजी लाँड्रीच्या खोलीत हे सांगतात तेव्हा हसत हसत सांगतात. तो कायदा 1985 च्या सार्वमतात गेला आणि नवा 1988 पासून लागू झाला. पुरुषांवर सोडलं असतं तर तो तेव्हाही टिकला असता असं मतदानानंतरच्या पाहण्या सांगतात. बायकांच्या मतांनी पारडं फिरलं.

तरीही सगळं आपोआप झालं नाहीच. 14 जून 1991 ला पाचेक लाख बायका संपावर गेल्या. ठिणगी पडली घड्याळाच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या पगारावरून. ज्या घड्याळांसाठी आपल्याकडचे जावई लग्नात रुसतात, ती जोडणाऱ्या हातांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. बाळंतपणाच्या पगारी रजेचा विषय इथल्या घटनेत 1945 ला आला आणि रजा हातात पडली 2005 ला, चौदा आठवडे, तीही ऐंशी टक्के पगारावर. आपल्याकडे 1961 चा कायदा आहे आणि 2017 पासून सव्वीस आठवडे.

हे मी वहिनीला फोनवर ऐकवलं. ती म्हणाली, "ताई, सव्वीस आठवडे कुणाला? आपल्याकडं द्राक्षाच्या छाटणीला बाया येतात, त्यांना एक दिवस खाडा झाला तर हजेरी कापतात." मी म्हटलं, तो मुद्दा वेगळा. वेगळा नाही, माहीत आहे मला. पण ग्रुपवर भांडताना माणूस सोयीचं तेवढंच उचलतो.

वहिनीला मध्ये आणलंय तर पुढचंही सांगते. ती आमच्या गावची सरपंच होती, महिला राखीव जागेवर. आणि हो, पहिलं वर्षभर सरपंचपती म्हणजे माझा सख्खा भाऊ. मासिक सभेत तोच बोलायचा, लोक त्यालाच 'सरपंचसाहेब' म्हणायचे, ती सह्या करायची. त्या बॅनरवर हसणाऱ्यांत माझ्या घरावर हसणारेही असतात, म्हणून मला जरा जास्तच झोंबतं. पुढे पाणीपट्टीच्या वसुलीवरून ग्रामसभेत गोंधळ झाला, भाऊ नेमका मार्केटला गेलेला, आणि वहिनीला उभं राहावं लागलं. त्यानंतर तिनं चेकबुक स्वतःच्या पर्समध्ये ठेवायला सुरुवात केली. अंगणवाडीचं छत, स्मशानभूमीचा रस्ता, नळजोडण्यांची यादी, सगळं तिला तोंडपाठ. भाऊ आता सभेला जातो तो गाडी चालवायला. आरक्षण नसतं तर ती कुठल्या लायकीच्या जोरावर त्या खुर्चीपर्यंत गेली असती?

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, 1951-52 ला, सुमारे 28 लाख बायकांची नावं मतदारयादीतून गाळली होती, कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. तेव्हाही कुणीतरी म्हटलं असेलच, यांना मत कशाला. 1986 मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला भरलं तेव्हा माझी आई ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेली होती. दोन दिवस घरी स्वयंपाक कोण करणार यावर आजी बोलत राहिली. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या, म्हणजे बायकोच्या नावावर जमीन करण्याच्या संघटनेच्या मोहिमेच्या, काळात वडिलांनी एक एकर आईच्या नावावर केला. सातबाऱ्यावर तिचं नाव आहे आणि ती अजून तो उतारा पिशवीत घालून फिरते.

आणि तिची मुलगी, नाशिकच्या के. के. वाघ कॉलेजातून इंजिनिअर होऊन इथे आली ती नवऱ्याच्या परवान्याच्या शेपटाला धरून. मुलं शाळेतून बाराला जेवायला घरी येतात आणि दीडला परत जातात. मिटागश्टिशला, म्हणजे शाळेच्या वेळेत मुलांना दुपारी जेवू घालणाऱ्या सोयीत, दोनच दिवस जागा मिळाली. कीटाच्या, म्हणजे पाळणाघराच्या, फीचा आणि माझ्या पगाराचा हिशेब मांडला तेव्हा घरी कुणी बसायचं यावर चर्चासुद्धा झाली नाही. आता मी साठ टक्के काम करते. नवरा शंभर. गाड्या मिनिटावर येतात, रात्री अकराला एकटी स्टेशनवरून चालत येते, कुणी वळून बघत नाही. हे सुख नाशिकला मला कधी मिळालं नव्हतं आणि ते मी सोडणार नाही. पण दुपारी बारा वाजता कणीक मळताना मला चांदवडची ट्रॉली आठवते.

वर्षातून तीन-चारदा शेजाऱ्यांच्या पेट्यांत मतदानाची पाकिटं पडतात. आमच्या पेटीत नाही. सी परवान्यावर, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्यावर, कर पूर्ण भरायचा, मत नाही. नागरिकत्वाचा अर्ज करता येईल, नवरा मागेच लागलाय, पण मग भारतीय पासपोर्ट परत करायचा, आणि त्यावर मी दर वेळी काहीतरी कारण काढते. तिकडे परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः तिथे हजर राहावं लागतं, आणि निवडणुका काही इथल्या शाळेच्या सुट्ट्या बघून होत नाहीत. थोडक्यात, बाईच्या मतावर एवढं तावातावानं लिहिणारी मी कित्येक वर्षांत कुठेच मत दिलेलं नाही. खतवाल्यानं दिलंय. वहिनीनं मागितलंय आणि मिळवलंय.

आता गावची जागा सर्वसाधारण झाली आहे. वहिनी म्हणते, तरीही उभी राहणार. समोर उभं राहायचं म्हणतोय तो तिचाच चुलतदीर, म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि भाऊबंदकीत कोण कुणाकडे हे अजून ठरायचं आहे. "ताई, तुमचं नाव यादीत आहे का बघून ठेवा," ती परवा म्हणाली, "सहा-अ नंबरचा फॉर्म असतो म्हणे. आणि ग्रुपवर लिहीत बसू नका, दहा-बारा मतांचा फरक पडतो आपल्याकडं."